बारा तारखेला तोडलेलं झाड

न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालून बसलो होतो, तेव्हा मांडीवरचा फोन थरथरला. "हलू नका हो इसोगाईसाहेब, कान जाईल," न्हावी म्हणाला. माझा तो कान तसाही आता फारसा उपयोगाचा राहिलेला नाही, पण मी हललो नाही. चादरीखालून फोन हळूच वर घेतला. विद्यापीठातल्या शिओरी कानो नावाच्या मुलीने फोटो पाठवला होता. राखाडी, गुळगुळीत साल, तिच्यावर पांढुरक्या शेवाळाचे डाग, आणि मधोमध अॅल्युमिनियमचा एक बिल्ला. अर्धा बिल्ला सालीने गिळला होता. उरलेल्या अर्ध्यावर आकडा होता, एकतीस. त्यातला तीन किंचित डावीकडे कलला होता, कारण तो ठोकताना माझा हात थंडीने आखडला होता. अठ्ठेचाळीस वर्षं झाली त्याला. खाली तिने लिहिलं होतं, 'सर, तुमच्या १९७४च्या तक्त्यात एकतीस नंबरचं झाड तोडून वजन केल्याची नोंद आहे. पण झाड उभं आहे. बिल्ल्यांची अदलाबदल झाली असणार ना? तसं असेल तर एक ओळ लिहून द्या, मी तक्त्याखाली टीप टाकते.' न्हाव्याने विचारलं, "बाजूला अजून कमी करू का?" मी म्हणालो, "करा." काय कमी करायचं होतं ते मी ऐकलंच नव्हतं.

एक ओळ. मुलगी चांगली आहे, हुशार आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला अडचणीत आणायचं नाही एवढं तिला कळतं. 'हो, अदलाबदल झाली असेल' एवढं लिहायचं होतं. मी ते लिहिलंही, आणि पाठवायच्या जागी अंगठा धरून बसलो. समोरच्या आरशात एक माणूस होता, गळ्यापर्यंत पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला. माझ्या मनात आलं, याच्या छातीवर खिळा ठोकून बिल्ला लावला तर कुठला आकडा लावावा लागेल. मग ती ओळ पुसून टाकली.

जंगल म्हणजे किती किलो, हा प्रश्न आज ऐकायला वेडगळ वाटतो. आमच्या प्रोफेसरांना तेव्हा तो सोडून दुसरा प्रश्नच पडत नव्हता. उभ्या झाडाला काट्यावर घालता येत नाही. म्हणून निरनिराळ्या जाडीची थोडी झाडं निवडायची, ती पाडायची, पान न् पान तोलायचं, आणि जाडी व वजन यांचं एक समीकरण बांधायचं. एकदा ते बांधलं की बाकीच्या जंगलाला नुसती व्यास दाखवणारी फीत लावून मोजायचं, तोडायची गरज नाही. म्हणजे जंगल वाचवायचं तर आधी थोडं मारायचं, हे आम्हाला तेव्हा फार शहाणपणाचं वाटायचं. कामिनासावा गावाच्या वर दोन तासांच्या चढणीवर बुनाचं, म्हणजे बीचच्या झाडांचं, जंगल होतं. ऑक्टोबरात पिवळं होणारं आणि नोव्हेंबरात बोडकं होणारं. तिथल्या एका डोंगरधारेवरची एकतीस झाडं मी निवडली होती. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून एक मीटर तीसवर, खिळा मारायचा. खिळा नेहमी दोन बोटं बाहेर ठेवायचा, झाड वाढलं की त्याला जागा हवी म्हणून. या एकतीस झाडांना मात्र मी खिळे पार बुडापर्यंत ठोकले. तोडायच्याच झाडाला कोण जागा ठेवतं?

पाडायचं काम तोकुजीकाकांचं. गावातल्या लाकूडतोड्यांच्या टोळीचे ते म्होरके, तेव्हा पन्नाशीचे, बुटके, आणि बोलायला तिखट. मी सत्तावीस वर्षांचा, विद्यापीठातला कच्चा नोकर, पुढच्या एप्रिलला कायम होईन की नाही याची धाकधूक असलेला. मला ते 'मास्तर' म्हणायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मास्तर, आमच्या बापजाद्यांनी झाडं तोडली ती घरासाठी, कोळशासाठी. पानं तोलायला झाड पाडणारे तुम्हीच पहिले. डोंगरदेवीला काय सांगू? की बाई, तुझं वजन करायला आलेत?" बायका मोठ्यांदा हसल्या. पाडलेल्या झाडाभोवती गावातल्या सहा-सात बायका बसून पानं ओरबाडायच्या, पोत्यात भरायच्या. त्यांच्यात तोकुजींची मुलगी फुमिए असायची, सतरा वर्षांची, सगळ्यांत भरभर हात चालवणारी. तीन वाशांच्या तिकाटण्याला काटा टांगलेला. मी आकडा ओरडायचो, आणि लिहिणाऱ्याने तो परत ओरडायचा, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. लिहिणारा नसला की तोकुजी परत ओरडायचे. "अठरा पूर्णांक चार!" मी. "अठरा पूर्णांक चार, आणि वर एक मुंगळा!" ते. दुपारी त्यांच्या डब्यातला खारवलेला मुळा ते मला न विचारता माझ्या भातावर ठेवायचे. माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले. त्यामुळे की काय, त्या मुळ्याची चव माझ्या जिभेवरून अजून गेलेली नाही.

दहा ऑक्टोबरपर्यंत तीस झाडं झाली. उरलं एकतीस नंबर, सगळ्यांत जाड, चौसष्ट सेंटिमीटर व्यासाचं. मोठ्या झाडावाचून समीकरण लंगडं राहतं. प्रोफेसरांनी जाताना बजावलं होतं, "इसोगाई, मोठं झाड राहिलं तर काही केलं नाही असंच धरीन मी." अकराला रेडिओवर ऐकलं की वादळ येतंय, तेराच्या पहाटे आमच्या बाजूला पोचेल. वादळ आलं की पानं जाणार. पानं गेली की वर्ष गेलं. मी धावत खाली गेलो. तोकुजी अंगणात करवतीला कानस मारत होते.

"काका, उद्या पाडू या."

"उद्या बारा."

"माहीत आहे. पण वादळ येतंय."

"बाराला डोंगरात जायचं नसतं, मास्तर. त्या दिवशी देवी आपली झाडं मोजते. मधे सापडेल त्यालाही झाडांत धरते. तुम्हीपण मोजता ना? मग मोजताना कुणी मधे आलं की किती राग येतो ते सांगायला नको."

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "तुमच्या देवीला मोजायला काही झाडं शिल्लक राहतील, काळजी करू नका." बोलून गेलो आणि लगेच कळलं की असं बोलायला नको होतं. कानस थांबली. फुमिए दारात उभी होती, ती आत गेली.

"तेराला पहाटे येतो," तोकुजी म्हणाले. "वादळ येवो नाहीतर काही येवो. तुम्ही तिथे असा."

मी उत्तर न देता निघालो. मनात म्हणत होतो, वादळात कोण येतंय. एका खुळ्या समजुतीपायी माझं वर्ष, माझी नोकरी. या गोष्टीचा विचार मी इतक्या वेळा केला आहे की त्या संध्याकाळच्या रागाची आता मला कणवच येते, दुसऱ्या कुणाच्या मुलाचा राग असावा तशी. पण राग माझाच होता.

बाराला मी एकटाच वर गेलो. देवी मोजत होती की नाही ठाऊक नाही. वारा पडला होता, बुनाची पानं पिवळी होऊन लटकत होती, एकही हलत नव्हतं. एकतीस नंबरला फीत लावली. चौसष्ट पूर्णांक दोन. मी आकडा मोठ्याने म्हटला, परत म्हणायला कुणी नव्हतं. मग धारेवरच्या आमच्या कामाच्या खोपटात जाऊन तीस झाडांचे बिंदू काढलेला कागद समोर घेतला, पट्टी ठेवली आणि रेघ पुढे ओढली, चौसष्ट पूर्णांक दोनपर्यंत. तिथे जे वजन निघालं ते खोड, फांद्या, पानं असं वाटून लिहिलं. खरी झाडं कधी रेघेवर बसत नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून माझं झाड रेघेच्या जरा खाली उतरवलं. ती हुशारी आठवली की आजही कानशिलं तापतात. आणि तारखेच्या रकान्यात लिहिलं: बारा ऑक्टोबर. दहा लिहिता आली असती. दहाला आम्ही दोन झाडं पाडली होती, आणखी एक कुणाला खटकलं नसतं. पण मी बारा लिहिलं, आणि ते घाईत नाही. 'नाही म्हणालात ना, घ्या,' असं मनात म्हणत लिहिलं. मग खोपटाला कुलूप लावून दुपारच्या शेवटच्या बसने शहरात आलो.

न्हाव्याकडून घरी आलो तर नोरिको म्हणाली, "हे काय, कोंबडी सोलल्यासारखं केलंय डोकं?" माझी बायको चव्वेचाळीस वर्षं माझ्याबरोबर आहे आणि तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायची वेळच आली नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. वेळ पुष्कळदा आली होती. फुमिएचं पत्र आलं तेव्हा लग्न व्हायचं होतं, पण मी ते पत्र लग्नानंतरही जपून ठेवलं, जुन्या तक्त्यांच्या फाइलमध्ये, जिथे नोरिको कधी हात घालत नाही. त्या संध्याकाळी ते काढलं. त्यात तीनच ओळी होत्या. 'बाराच्या पूजेला या वर्षी बाबांना देवीच्या प्रसादाचा पेला दिला नाही. त्यांच्याबरोबर डोंगरात जायला कुणी तयार नाही. बाबा काही बोलत नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.' मागणं काही नव्हतं. मी उत्तर पाठवलं नाही.

झालं होतं ते असं. पुढच्या वसंतात, मी नोकरीत कायम झालो त्याच महिन्यात, प्रोफेसर गावाचे आभार मानायला आले. गावच्या सभागृहात सगळे चटयांवर बसलेले, छापील अहवाल वाटले गेले, आणि प्रोफेसरांनी भाषण केलं. माणूस वाईट नव्हता, उलट मोठ्या मनाचा. "आणि विशेष आभार," ते म्हणाले, "तोकुजीसाहेबांचे. वादळ दारात असताना, बारा ऑक्टोबरला, यांनी आमचं सगळ्यांत मोठं झाड पाडून दिलं. ते झाड नसतं तर हा अहवाल नसता." सगळ्या माना तोकुजींकडे वळल्या. तोकुजींची मान माझ्याकडे वळली. मी अहवालाचं कव्हर बघत होतो, त्यावर बुनाच्या पानाचं चित्र होतं. किती वेळ गेला असेल? चार श्वास, पाच. त्या पाच श्वासांत मला तोंड उघडता आलं असतं. मग त्यांचा आवाज आला, "हो. पाडलं. बुंधा जड होता." डोंगरदेवीचा म्हातारा पुजारी उठून बाहेर गेला. प्रोफेसर हसून टाळ्या वाजवत होते, आणि टाळ्या वाजवणारे आम्ही दोघेच होतो. वर जाऊन कुणी बघितलं असतं तर झाड तिथेच उभं होतं. पण त्या धारेवर दुसऱ्या कुणाचं कामच नव्हतं, आणि कबूल केलेल्या माणसाची शहानिशा करायला दोन तास कोण चढतं? तोकुजी स्वतः दाखवू शकले असते. त्यांनी दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मी नोकरीतून गेलो असतो.

अंघोळीच्या टबात बसून मी शिओरीला काय सांगायचं याचा विचार केला, आणि पाणी गार झालं तरी बसून राहिलो. वाटलं, सांगून होणार काय? प्रोफेसर गेले. तोकुजी गेले, शहाण्णव साली. ते मला नव्या वर्षाच्या कार्डांमधून कळलं, शोक असल्याने या वर्षी शुभेच्छा नाहीत असं छापलेलं कार्ड, खाली फुमिएचं नाव. उरलो मी आणि एक समीकरण, पस्तीस वर्षं दुसऱ्यांनी वापरलेलं, ज्याच्यावर प्रोफेसरांनंतर दुसरं नाव माझं आहे. ते पडलं तर माझं काय, पेन्शन थोडीच काढून घेणार आहेत. पण खरं सांगायचं तर मला तेच भय होतं. पंचाहत्तराव्या वर्षीही माणसाला आपलं नाव असलेली एक ओळ सुटत नाही. सकाळी फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

"सर," शिओरी म्हणाली, "मी ते झाड काढून समीकरण परत चालवून बघते."

तासाभराने तिचा फोन आला. आवाजात सुटकेचा आनंद होता. "काही फरक पडत नाही सर! तीस झाडांवर जवळजवळ तेच उत्तर येतं. एकतीसची गरजच नव्हती."

तिला वाटलं तिने मला चांगली बातमी दिली. मी "हो का" म्हणालो आणि खुर्ची ओढून बसलो. गरजच नव्हती. मोठं झाड राहिलं असतं, प्रोफेसर ओरडले असते, आणि आज तेच उत्तर आलं असतं. मी एका माणसाला त्याच्या गावातून उठवलं, आणि कागदावर त्याने एवढासुद्धा फरक पडला नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "बिल्ल्याचा खिळा तुमचा नाही वाटत. तुमचे सगळे अॅल्युमिनियमचे, हा गंजलेला लोखंडी आहे. आणि बुडापर्यंत ठोकलेला बिल्ला एव्हाना पूर्ण आत जायला हवा होता. कुणीतरी मधे काढून परत लावलाय."

शिओरी म्हणाली, बुधवारी गाडी आहे, येता का. मी कॅलेंडर पाहिलं. बुधवार म्हणजे बारा ऑक्टोबर. "गुरुवारी जाऊ," मी म्हणालो. कारण सांगितलं तेव्हा ती मोकळेपणाने हसली. मग थांबली आणि म्हणाली, "बरं, गुरुवारी."

आता अर्ध्या वाटेपर्यंत गाडी जाते. उरलेली वाट मी शिओरीच्या खांद्याचा आधार घेत, दर वीस पावलांवर झाडांची चौकशी करण्याच्या निमित्ताने थांबत चढलो. एकतीस नंबर समोर आलं तेव्हा मला वाटलं होतं की काहीतरी होईल, छातीत, डोळ्यांत. काही झालं नाही. दम लागला होता. झाड झाडासारखं उभं होतं, पानं पिवळी, वारा पडलेला. शिओरीने फीत फिरवली. "एकोणऐंशी पूर्णांक सहा," ती म्हणाली आणि लिहायला लागली. "परत म्हणू दे," मी म्हणालो. "एकोणऐंशी पूर्णांक सहा." ती वहीत बघत राहिली.

"रकान्यात काय लिहू सर?"

"लिही, तोडलं नाही. वजन खोटं. इसोगाईने लिहिलं. आणि तोकुजी त्या दिवशी डोंगरात आले नव्हते, हेही लिही."

"त्याला रकाना नाहीये."

"मग कडेला लिही."

कामिनासावात आता चार घरांतून धूर निघतो. फुमिए त्यांतल्या एकात राहते. पासष्टीची, केस पार पांढरे, हात मात्र तेच, भरभर चालणारे. तिने मला लगेच ओळखलं. "या मास्तर," म्हणाली. त्या हाकेने मी उंबऱ्यातच अडखळलो. शिओरीला वाटलं गुडघा. फुमिएने चुलीवरचं आळंब्यांचं सूप वाढलं, भात वाढला, बशीत खारवलेला मुळा ठेवला. माझ्या भातावर ठेवला नाही, बशीत ठेवला. मी वाटीला हात न लावता गुडघ्यांवर बसलो, कपाळ चटईला टेकवलं आणि सांगितलं. फार लांबलं असणार. सूप गार झालं.

"उठा," ती म्हणाली. "मला काय सांगता? मला माहीत होतं. बाबांनी आईला सांगितलं होतं, आईने मला. सांगायचं होतं ते गावाला. पुजारी गेला, टोळीतले सगळे गेले. शेजारी ती शहरातून आलेली जोडी आहे, त्यांना सांगून बघा, चहा देतील."

मी चटईवरून कपाळ उचलून बसलो.

"मी बाबांना कितीदा म्हटलं, चला वर, दाखवा सगळ्यांना झाड. म्हणायचे, पोराची नोकरी जाईल. मी म्हणायचे, आणि तुमचं? तर म्हणायचे, तो येईल गं सांगायला. स्वतःहून येईल." ती उठली. "बावीस वर्षं म्हणायचे."

आतल्या खोलीतून तिने एक दोरी आणली, भांगेच्या वाखाची, काळपट पडलेली. दोरीच्या एका टोकाकडे लाल दोऱ्याचे वेढे होते, एकेका बोटाच्या अंतरावर, काही ठिकाणी त्याहून जवळ. शिओरीने हात पुढे केला आणि परत घेतला. मग तिने न विचारता मोजायला सुरुवात केली, ओठ हलवत. बावीस.

"दर वर्षी जाऊन झाडाला गुंडाळायचे," फुमिए म्हणाली. "खिळा सैल करायचे, मग बदललाही. मास्तरांना लागेल म्हणायचे. तोडता आलं नाही तर निदान मोजलेलं तरी असावं." तिने पहिल्या दोऱ्यावर बोट ठेवलं. "हा त्याच वर्षीचा. चौऱ्याहत्तरचा. तेरा ऑक्टोबर."

"तेरा?" मी म्हणालो. "तेराला तर वादळ होतं."

"वादळ दुपारी आलं. उशीर झाला त्याला. बाबा उजाडता उजाडता वर पोचले होते, करवत घेऊन, येतो म्हणाले होते ना. खोपटाला कुलूप होतं. त्यांना वाटलं तुम्ही खाली कुठेतरी असाल, याल. मग झाडाला दोरी लावून बसले वाट बघत, दुपारपर्यंत." तिने दोरी गुंडाळून माझ्या पुढ्यात ठेवली. "पानं सगळी होती म्हणाले झाडावर. एकही पडलं नव्हतं."